नवा रंधा घेताय? मग तेवढंच बजेट धारेसाठीही ठेवा



लाकूडकामाचा छोटा उद्योग सुरू करायचा म्हणून जे माझ्याकडे येतात, त्यांतल्या बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "सर, रंधा कोणता घेऊ?" दुसराही ठरलेला: "कोणत्या कंपनीचा?" तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही, आणि मला तर तोच महत्त्वाचा वाटतो. रंधा घरी आणल्यावर त्याला चालतं करायला किती वेळ आणि किती पैसे लागतील?

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते तुम्हाला ठरवता येईल. दुकानातून आणलेला मध्यम किमतीचा नवा रंधा हे तयार हत्यार नसतं. तो जवळजवळ कच्चा माल असतो. त्याचं हत्यार तुम्हाला स्वतः करावं लागतं. ज्याच्या खिशात हत्यारासाठी मोजके पैसे आहेत त्याने महागड्या रंध्यामागे लागू नये. साधा, पण नीट पारखलेला रंधा घ्यावा आणि उरलेले पैसे धारेच्या सामानावर घालावेत. शिवाय एक अख्खा सुट्टीचा दिवस द्यावा. बहुतेक जण नेमकं उलटं करतात.

यात पणाला काय लागलंय ते सांगतो. आमच्या एका बॅचमधल्या मुलाने उत्साहाने नवा रंधा घेतला. फळीवर चालवला तर तो उड्या मारायला लागला, लाकूड उचकटायला लागलं, तोंडात भुसा अडकायला लागला. चार दिवस झगडून त्याने रंधा फळीवर ठेवून दिला आणि मला म्हणाला, "सर, माझा हातच बसत नाही. हे काम आपलं नाही." हाताचा काही संबंधच नव्हता! पातं कारखान्यातून आलं तसंच होतं, त्याला धारच नव्हती. ते पातं दगडावर घासून दिलं तेव्हा त्याच हाताने त्याच फळीवरून सलग, लांब छिलका काढला. अशी किती मुलं बोथट पात्यामुळे स्वतःला नालायक समजून धंदा सोडत असतील, याचा विचार केला की मला वाईट वाटतं. म्हणून हा लेख.

आधी हिशेब, मग हत्यार

आपला ब्लॉग धंद्याचा आहे, तेव्हा आधी हे बघू की हाताचा रंधा लागतोच कशाला. काचपेपर मिळतो, मशीन मिळतं, मग?

समजा तुम्ही सागवानी चौरंग करता आणि महिन्याला २० नग जातात. वरची फळी नुसत्या काचपेपरने गुळगुळीत करायला नगाला एक तास लागतो असं धरा. धार लावलेल्या रंध्याने आणि शेवटी एक हलका हात काचपेपरचा मारून तेच काम २० मिनिटांत होतं असं धरा. नगामागे ४० मिनिटं वाचली. २० नगांना ८०० मिनिटं, म्हणजे १३ तासांच्या वर. तुमच्या तासाची किंमत तुम्ही अवघी १०० रुपये लावलीत तरी महिन्याला तेराशेच्या वर होतात. काचपेपरचा खर्च वेगळाच. हे आकडे मी समजण्यासाठी धरलेत. तुम्ही घड्याळ लावून स्वतःचे काढा, अंदाजाने काढू नका.

दुसरी गोष्ट धुळीची. हिच्याबद्दल आपल्याकडे फारसं कोणी बोलत नाही. लाकडाच्या बारीक धुळीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने माणसाला कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलंय. रंध्यातून छिलका निघतो, तो जमिनीवर पडतो. काचपेपरमधून धूळ निघते आणि ती छातीत जाते. घराच्या पडवीत, पोराबाळांच्या शेजारी बसून काम करणाऱ्याने याचा विचार करायलाच हवा.

तिसरी गोष्ट दिसण्याची. रंध्याने लाकडाचा धागा स्वच्छ कापला जातो, काचपेपरने तो खरवडला जातो. नुसत्या लाकडावर फरक कमी दिसतो, पॉलिश चढलं की लगेच दिसतो. गिऱ्हाईक वस्तू हातात घेतं तेव्हा पहिल्यांदा काय करतं? पृष्ठभागावरून तळहात फिरवतं. भाव तिथेच ठरतो.

मशीनला माझा विरोध नाही. बाजारात मिळणारा विजेचा हातरंधा बहुधा ८२ मिलिमीटर रुंदीचा असतो. जाड लाकूड झटपट उतरवायला तो उत्तम आहे. पण त्याचं पातं गोल फिरतं, त्यामुळे पृष्ठभागावर बारीक लाटा राहतात आणि त्या काढायला पुन्हा हाताचाच रंधा किंवा काचपेपर लागतो. म्हणून मशीन दुसऱ्या टप्प्यावर घ्या. पहिल्या कर्जाच्या हप्त्यात तर मुळीच नको.

आणि हो, तुमचा धंदा प्लायवूड-सनमायकाचा किंवा मॉड्युलर किचनचा असेल तर हा लेख तुमच्यासाठी निम्माच आहे. तिथे रंधा लागतो तो कडेच्या बीडिंग पट्ट्या समतल करण्यापुरता. प्लायवर चांगलं पातं घासून त्याची वाट लावू नका, प्लायच्या थरांमधला डिंक धार खातो. तुमचे पैसे करवतीच्या चांगल्या पात्यात जायला हवेत.

कोणता घ्यायचा

आपल्याकडच्या सुताराचा जुना रंधा लाकडी असायचा. कठीण लाकडाचा ठोकळा, त्यात पातं आणि ते घट्ट करायला पाचर. हातोडीची एक टिचकी मारून पातं खाली-वर करायचं. जमिनीवर बसून, पायाने लाकूड दाबून धरून काम करणाऱ्या माणसाला तो हलका रंधा सोयीचा होता, आजही आहे. वडिलांचा किंवा आजोबांचा असा रंधा घरात पडलेला असेल तर टाकू नका. या लेखात पात्याच्या धारेबद्दल जे सांगणार आहे ते त्याला जसंच्या तसं लागू आहे.

आज दुकानात लोखंडी रंधा जास्त दिसतो. त्याची घडण अमेरिकेतल्या लेनर्ड बेली नावाच्या माणसाची. स्टॅन्ले कंपनीने १८६९ मध्ये त्याचे हक्क घेतले आणि ३, ४, ५ अशा नंबरांनी ते रंधे जगभर विकले. आपल्याकडचे उत्पादकही तेच नंबर वापरतात, म्हणून दुकानदाराला नुसतं "चार नंबर दाखवा" म्हटलं तरी कळतं. ४ नंबरचा तळ पावणेदहा इंचांच्या आसपास असतो, ५ नंबरचा १४ इंच. पातं दोन्हीचं साधारण दोन इंच रुंद.

बऱ्याच ठिकाणी तुम्हाला "पहिला ४ नंबर घ्या" असं सांगतील. माझं मत वेगळं आहे. एकच घ्यायचा असेल तर ५ नंबर घ्या. लांब तळ खड्ड्यांवरून सरळ जातो आणि उंचवटे कापतो, त्यामुळे फळी सपाट होते. दोन फळ्या जोडून चौरंग किंवा ट्रे करायचा असेल तर कडा सरळ लागतात, त्या १४ इंची रंध्याने जमतात. ४ नंबरने तेच काम करताना रंधा फळीच्या चढ-उतारांवरून होडीसारखा वर-खाली होत जातो. फिनिशिंगचं काम मात्र ५ नंबरनेही होतं, जरा वजन पेलावं लागतं इतकंच. फक्त लहान डबे, फोटो फ्रेम, खेळणी करायची असतील किंवा मनगटाला वजन झेपत नसेल तर ४ नंबर बरोबर आहे. दोन्ही एकदम घ्यायची गरज नाही.

त्या पैशात एक गोष्ट जरूर घ्या. त्याच मापाचं दुसरं पातं. ऑर्डरच्या मध्येच धार गेली की पातं बदलायचं आणि काम पुढे चालू ठेवायचं, संध्याकाळी दोन्ही पात्यांना एकदम धार लावायची. सागवानात नैसर्गिकरीत्या सिलिका असते, म्हणजे वाळूचाच प्रकार. त्यामुळे सागावर धार लवकर जाते. सागाचं काम करणाऱ्याला दुसरं पातं ही चैन नाही.

परदेशी उंची रंध्यांचं काय? अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या लाय-निल्सनचे किंवा कॅनडातल्या व्हेरिटासचे रंधे खरोखर सुंदर असतात. तळ सपाट, पातं जाड, सगळं घट्ट बसलेलं. तुमचा महिनाभराचा वेळ आधीच ऑर्डरींनी भरलेला असेल आणि एक दिवस घासाघासीत घालवणं परवडत नसेल तर जरूर घ्या, तो पैसा वाया जाणार नाही. पण त्यांच्याही पात्याला वापरण्याआधी शेवटचा हात दगडावर मारावाच लागतो. आणि पंधरा दिवसांनी ते पातंही बोथट होतंच. ज्याला धार लावता येत नाही त्याचा महाग रंधा पंधरा दिवसांनी स्वस्त रंध्यासारखाच चालतो. माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीवर उभं आहे.

दुकानात उभं राहून काय बघायचं

मुंबईत नागदेवी स्ट्रीट, पुण्यात रविवार पेठेतली बोहरी आळी, किंवा तुमच्या तालुक्याच्या ठिकाणचं जुनं हार्डवेअरचं दुकान. कुठेही जा, पण पहिला रंधा शक्यतो ऑनलाइन मागवू नका. एकाच कंपनीचे, एकाच किमतीचे तीन डबे उघडून बघितले तर तिघांत फरक सापडतो. हे ओतीव लोखंड आहे, थोडं डावं-उजवं होणारच. आपल्याला तिघांतला बरा उचलायचाय.

खिशात स्टीलची एक फूट पट्टी न्या. पातं आत ओढून घ्या, पट्टी उभ्या कडेवर तळावर ठेवा आणि मागून मोबाइलचा टॉर्च लावा. पट्टीखालून थोडा उजेड दिसला तर घाबरू नका. कुठून दिसतोय ते बघा. पात्याचं तोंड, म्हणजे जिथून पातं बाहेर येतं ती फट, तिच्या लगेच पुढचा भाग खोल गेलेला असेल तर तो रंधा परत ठेवा. तो भाग लाकूड दाबून धरतो. तिथे पोकळी असेल तर लाकूड उचकटतं, आणि ती घासून काढायला तळाचं सगळं लोखंड उतरवावं लागतं. पट्टी कोनाकोनातही ठेवा. तळाला पीळ असेल तर तोही नको.

मग आतला तिरका ठोकळा बघा, ज्यावर पातं टेकतं. त्याला फ्रॉग म्हणतात. त्याचे स्क्रू सैल करून तो पुढे-मागे होतो का, परत घट्ट बसतो का, ते तपासा. तोंडाच्या कोपऱ्यांना तडा नाही ना? मागची मूठ हलत नाही ना? पितळी चाक फिरवून पातं खाली-वर होतंय का? चाक थोडं रिकामं फिरतं, ते सगळ्याच रंध्यांत असतं. दुकानदार कुरकुर करेल. करू दे. पैसे तुमचे आहेत.

जुना बाजार आवडणाऱ्यांसाठी एक सल्ला. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात जुने रंधे मिळतात आणि कधीकधी ते नव्यापेक्षा चांगले निघतात. वरवरच्या गंजाला घाबरू नका. पण धारेजवळ पात्याच्या सपाट बाजूला गंजाचे खोल खड्डे असतील किंवा लोखंडाला तडा असेल तर फुकट दिला तरी नको.

सुट्टीचा तो एक दिवस

आता खरं काम. रविवार मोकळा ठेवा. लागणारं सामान साधं आहे. जाड काचेचा तुकडा, किंवा किचन ओटा बसवणाऱ्याकडे उरलेला पॉलिश केलेल्या ग्रॅनाइटचा तुकडा. ८०, १२० आणि २२० नंबरचे काचपेपर. धारेसाठी दोन बाजूंचा दगड, एक बाजू जाड, एक बारीक. जमलं तर सुमारे १००० नंबरचा आणि त्याहून बारीक असे दोन वेगळे दगड. पातं ठरावीक कोनात धरून ठेवणारा चाकाचा छोटा शिकंजा, ज्याला होनिंग गाइड म्हणतात. आणि एक मेणबत्ती. मेणबत्ती कशाला ते शेवटी सांगतो.

आधी रंधा पूर्ण खोलून कारखान्याचं तेल रॉकेलने किंवा थिनरने पुसून काढा. मग पातं परत बसवा, वरचा लिव्हर नेहमीसारखा घट्ट करा, पण पातं तळाच्या आत ओढलेलं ठेवा. तळ घासताना पातं बसवलेलंच हवं, कारण लिव्हरच्या ताणाने लोखंड किंचित वाकतं. कामाच्या वेळी जो आकार असतो त्याच आकारात तळ सपाट व्हायला पाहिजे.

तळावर मार्करने आडव्या रेघा मारा. ८० नंबरचा काचपेपर काचेवर सपाट चिकटवा आणि रंधा त्यावर मागे-पुढे फिरवा. दहा-बारा वेळा झाल्यावर उलटून बघा. रेघा जिथे पुसल्या तो भाग उंच, जिथे राहिल्या तो खोल. तीन जागच्या रेघा पूर्ण पुसल्या की बास: पुढचं टोक, तोंडाच्या लगेच पुढची पट्टी आणि मागचं टोक. मधे कुठे थोडी रेघ राहिली तर राहू द्या. तळाचा आरसा करणाऱ्यांचे व्हिडिओ बघून लोक तीन-तीन तास घासत बसतात. त्या चकाकीचा एक पैसाही गिऱ्हाईक देत नाही. १२० आणि २२० चा एकेक हात मारा, तळाच्या धारदार कडा थोड्या मोडा म्हणजे त्या फळीला ओरखडे पाडणार नाहीत, आणि थांबा. लोखंडाची काळी पूड मात्र नीट पुसा. ती लाकडात गेली की डाग पडतात.

यानंतर पातं, आणि दिवसातला सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. पात्याला दोन बाजू असतात, एक सपाट आणि एक उताराची. लोक उताराच्या बाजूला धार लावत बसतात आणि सपाट बाजू विसरतात. धार म्हणजे दोन पृष्ठभाग जिथे मिळतात ती रेघ. एक बाजू कारखान्यातल्या चरांनी भरलेली असेल तर दुसरी कितीही घासा, कड करवतीसारखीच राहणार. म्हणून सपाट बाजू दगडावर पूर्ण टेकवून घासा. सगळं पातं चकचकीत व्हायची गरज नाही, धारेजवळची चार-पाच मिलिमीटरची पट्टी झाली तरी पुरे. घाई असेल तर डेव्हिड चार्ल्सवर्थ या इंग्लिश कारागिराने लोकप्रिय केलेली युक्ती वापरा. दगडाच्या एका कडेवर पातळ स्टीलची पट्टी ठेवायची आणि पात्याचं मागचं टोक तिच्यावर टेकवायचं. पातं केसभर तिरकं होतं आणि दगड फक्त धारेची कड घासतो.

उताराच्या बाजूचा मूळ कोन २५ अंश असतो. धार ३० अंशांवर लावा. कोन मोजत बसायची गरज नाही. बाजारातला साधा, बाजूंनी पकडणारा होनिंग गाइड असेल तर पातं त्यातून ३८ मिलिमीटर पुढे काढा, ३० अंश आपोआप येतात. ५० मिलिमीटर काढलं तर २५. लाकडाच्या तुकड्यावर या मापाचा एक अडथळा ठोकून ठेवा, म्हणजे दरवेळी पट्टी शोधावी लागणार नाही. जाड बाजूवर घासा. सपाट बाजूला, धारेच्या पूर्ण रुंदीवर, बोटाला खरखरीत लागेल अशी बारीक बर येईपर्यंत घासत राहा. बर आली नाही तर धार आलेली नाही. मग बारीक दगड, शेवटी सपाट बाजूवर दोन-चार हात, आणि जुन्या चामड्याच्या पट्ट्यावर ओढून घ्या, न्हावी वस्तरा ओढायचा तसं. घासताना पात्याच्या दोन्ही कोपऱ्यांवर थोडा जास्त दाब द्या. कोपरे केसभर उतरले की रुंद फळीवर रंध्याच्या रेघा उमटत नाहीत.

एक इशारा. पात्याला खाच पडली म्हणून ते विजेच्या ग्राइंडरवर नेलंत तर पाण्यात बुडवत बुडवत काम करा. कड निळी पडली म्हणजे तिथलं पाणी उतरलं. तेवढा भाग मऊ झाला, त्यावर धार टिकणार नाही.

पात्याच्या पाठीवर स्क्रूने बसवलेली टोपी असते, कॅप आयर्न. पहिल्यांदा रंधा घेणारा तिच्याकडे बघतही नाही. तोंडात छिलके अडकून रंधा बंद पडतो तो नव्वद टक्के वेळा हिच्यामुळे. टोपीची कड पात्यावर पूर्ण टेकली पाहिजे, उजेडाकडे धरल्यावर फट दिसता कामा नये. फट असेल तर टोपीची खालची कड दगडावर घासा, मागचं टोक दगडाच्या पातळीपेक्षा थोडं खाली धरून, म्हणजे फक्त पुढची कड दगडाला लागेल.

ती टोपी धारेपासून किती मागे ठेवायची? भरभर लाकूड काढायचं असेल तर एक ते दीड मिलिमीटर. शेवटच्या फिनिशिंगला, विशेषतः आंब्याच्या किंवा वेड्यावाकड्या रेषांच्या लाकडावर, तिला धारेच्या अगदी जवळ आणा, पाव मिलिमीटरच्या आसपास. जपानमधल्या यामागाता विद्यापीठातल्या कावाई आणि काटो या प्राध्यापकांनी धारेजवळून काढलेल्या चित्रफितीत हे डोळ्यांना दिसतं. टोपी जवळ असली की छिलका लगेच वर मोडतो आणि पात्याच्या पुढे लाकूड चिरत जात नाही. उलट्या रेषेवर लाकूड उचकटतंय म्हणून नवा महाग रंधा घ्यायला निघण्याआधी टोपी एक मिलिमीटर पुढे सरकवून बघा.

फ्रॉगचा तिरका चेहरा तोंडाच्या मागच्या कडेशी जुळवून घट्ट करा आणि मग त्याला हात लावू नका. रंधा जोडा, पातं पूर्ण आत घ्या आणि फळीवर चालवत चाक थोडं थोडं फिरवत पातं बाहेर आणा. लाकडाचा बारीक तुकडा तोंडाच्या डाव्या आणि उजव्या कोपऱ्यावर ओढून बघा. दोन्हीकडून सारखा छिलका आला पाहिजे, नाहीतर आडव्या दांडीने पातं सरळ करा. पातं जास्त बाहेर आलं तर आधी गरजेपेक्षा जास्त आत घ्या आणि पुन्हा पुढे आणत जुळवा. शेवटची हालचाल नेहमी पुढची हवी. नाहीतर चाकातली ढिलाई पात्याला काम करताना मागे सरकू देते आणि तुम्ही म्हणत बसता, "आत्ता तर चालत होता!"

आता मेणबत्ती. तळावर तिच्या दोन-तीन रेघा ओढा. घर्षण इतकं कमी होतं की रंधा कोणी बदलून दिला की काय असं वाटतं. दर पाच-दहा मिनिटांनी पुन्हा ओढा. अख्ख्या लेखातला सगळ्यात स्वस्त सल्ला हाच आहे.

पैशांची विभागणी

पीएम विश्वकर्मा योजनेत, जी १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली, १८ पारंपरिक व्यवसायांमध्ये सुतारकाम आहे. पात्र कारागिराला अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत ई-व्हाउचर मिळतं. नोंदणी सीएससी केंद्रातून होते. माझी विनंती एवढीच, की अवजारांची यादी बघताना धारेचा दगड आहे का ते सगळ्यात आधी बघा. नसेल तर तो पदरचे पैसे घालून त्याच आठवड्यात घ्या. स्वतःच्या पैशांनी सुरुवात करणाऱ्यांनी रंध्याला जेवढे रुपये, तेवढेच दगड, होनिंग गाइड आणि दुसऱ्या पात्याला, असं धरावं. हे सामान फक्त रंध्याचं नाही. पटाशीला तेच लागतं, घरातल्या विळीलाही चालेल, फक्त मापात.

कोकणातल्या आणि गोव्यातल्या मंडळींसाठी वेगळं सांगतो. पावसाळ्यात उघडा ठेवलेला रंधा रात्रीत तांबूस होतो. काम संपलं की शिलाई मशीनच्या तेलाने ओला केलेला फडका तळावर आणि पात्यावर फिरवा, आणि रंधा लाकडाच्या भुशात ठेवू नका, भुसा ओल धरतो.

शेवटी कॉस्टिंगचं. चौरंगाच्या किमतीत तुम्ही लाकूड धरता, पॉलिश धरता, फेव्हिकॉल धरता. धार लावण्याचा वेळ कुणीच धरत नाही. रोजची १५ मिनिटं धरली तर २५ दिवसांत सव्वासहा तास होतात. मघाच्याच १०० रुपये तासाने ६२५ रुपये, २० नगांत वाटले तर नगामागे ३१ रुपये. तुमच्या वहीत 'मजुरी'च्या खाली 'धार' अशी एक वेगळी ओळ टाका. पुढच्या व्हिडिओत चौरंगाच्या कॉस्टिंगचा पूर्ण तक्ता करणार आहोत, तोपर्यंत तुमच्या रंध्याच्या दिवसाचे तास आणि खर्च लिहून ठेवा. तिथे लागतील.